अक्काचं वजन, सूर्याच्या मापात

आज कॉलेजातून घरी येताना कोपऱ्यावर वास आला आणि मी स्कूटी थांबवली. कुणाच्या तरी गच्चीवर वांगी भाजली जात होती, आणि तीही कपाशीच्या काड्यांवर. गॅसवरच्या वांग्याचा वास वेगळा, काड्यांच्या जाळावरच्या वांग्याचा वेगळा, हे जळगावच्या माणसाला शिकवावं लागत नाही. म्हणजे थंडी आली म्हणायची. आता पुढचे दोन-अडीच महिने हेच. शेतात पार्टी, गच्चीवर पार्टी, ऑफिसातली पार्टी, आणि सगळीकडे एकच पदार्थ, वांग्याचं भरीत. मला बोलावतात, मी जाते, ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरीशी दोनदा वाढून घेते. न जाऊन सांगते कुणाला? लोकांच्या चुलीशी माझं काही वैर नाही. पण पहिला वास आला की मला भूक लागत नाही, त्याला मी काय करू?

अकरावीला मी भौतिकशास्त्र शिकवते. एकके आणि मापन हा धडा वर्षाच्या सुरुवातीलाच येतो, आणि थंडीत सराव परीक्षेच्या निमित्तानं त्याची पुन्हा उजळणी होते. काल एका मुलीला फळ्यापाशी उभं केलं. गणित साधं होतं. पन्नास किलोचं सिमेंटचं पोतं, त्याचं वस्तुमान सूर्याच्या वस्तुमानाच्या एककात सांगा. सूर्याचं वस्तुमान म्हणजे दोनावर तीस शून्यं एवढे किलो, थोडं इकडंतिकडं. पन्नासाला त्यानं भागायचं. दशांश चिन्ह, मग अठ्ठावीस शून्यं, आणि मग पंचवीस. पोरीनं शून्यं काढता काढता खडू संपवला. मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं, "मॅडम, सिमेंट घ्यायला सूर्यावर जायचंय का?" वर्ग हसला. मीही हसले. मग फळ्यापाशची मुलगीच म्हणाली, "खरंच मॅडम, याचा उपयोग काय? कोण मोजतं असं?"

"आहेत मोजणारी माणसं," मी म्हणाले, "बस खाली." उगाच आवाज चढला माझा. पोरगी बिचारी गोंधळली.

आमची अक्का माझ्याहून आठ वर्षांनी मोठी. माहेर धुळ्याचं, दिली चोपड्याकडच्या एका खेड्यात, केळीच्या बागायतीत. तिचा नवरा म्हणजे आमचे दाजी. सहा फुटी, खांद्यावर केळीचा घड असा टाकायचे की पोरानं दप्तर टाकावं. अक्का लग्नात बारीक होती, पण नंतर केळीच्या खोडासारखी भरली. अठ्ठावन्न किलो. हा आकडा मला ठाऊक आहे, कारण पाचोऱ्याच्या स्टेशनावर नाणं टाकून वजन सांगणारं एक यंत्र असायचं, आणि त्यातून निघालेलं तिकीट तिनं मला नाचवून दाखवलं होतं. त्या तिकिटावर भविष्यही छापलेलं होतं. काय छापलं होतं ते आठवत नाही. बरं छापलं असणार, वाईट कोण छापतं?

मग एका वर्षी पोळ्याच्या सुमाराला तिचं पोट दुखायला लागलं. आधी पित्त म्हणाले, मग अल्सर म्हणाले, आणि दसऱ्याला गाठ निघाली. तिचा मुलगा परदेशात, त्याला लगेच येता येईना. जळगावात उपचार घ्यायचे ठरलं म्हणून ती माझ्या दोन खोल्यांत राहायला आली, सोबत दाजी. दाजी सकाळच्या एस.टी.नं शेतावर जायचे आणि दिवस मावळायच्या आत परत यायचे. येताना पिशवीत काहीतरी असायचंच. केळी, हिरवे हरभरे, गावातल्या म्हशीचं दूध, कुणी सांगितलेला काढा. आभाळ फाटल्यावर ठिगळ लावायला निघालेला माणूस मी तेव्हा रोज पाहिला.

दर मंगळवारी दवाखाना. आधी रक्त, मग वजन, मग डॉक्टर, आणि सगळं ठीक असलं तर केमोचं औषध. डॉक्टर तरुण होते, बोलायला मऊ. पहिल्याच भेटीत त्यांनी मला आणि दाजींना बाजूला घेऊन सांगितलं, "औषध कडक आहे. शरीरात पेलायची ताकद पाहिजे. वजन चाळिसाच्या खाली गेलं तर मला हे थांबवावं लागेल. आणि हे थांबवलं तर माझ्याकडे दुसरं काही नाही."

एवढं स्वच्छ सांगितलं. त्यात न कळण्यासारखं काहीच नव्हतं. चाळीस. त्या दिवशी ती सत्तेचाळीस होती.

मला वाटलं होतं, अक्काला आपण हे सांगू नये. पण ती काय बहिरी होती? दाराच्या पलीकडे बाकावरच बसली होती. रिक्षात बसल्यावर तिनं मला कोपरानं ढोसलं. "नलू, एक काम कर. दर मंगयवारले माले वजन सांगजो, पन किलोमा नको सांगू. किलो म्हनजे दुकान व्हस. मी काय गूळ शे का? तू पोरेसले शिकाडस ना, त्या आभायना मापमा सांग."

अक्का माझ्याशी कायम आमच्या धुळ्याकडच्या अहिराणीतच बोलायची. मी उत्तर शहरी मराठीत द्यायची. त्यावरून ती मला चिडवायची, 'साहेबीन' म्हणायची.

मी म्हटलं, "अगं, आभाळाचं एकच माप आहे का? चंद्राचं सांगू, पृथ्वीचं सांगू, की सूर्याचं?"

"चांद नको व, तो सोताच रोज कमीजास्त व्हस." मग जरा थांबून, "धरती बी नको. तठे मना घरना मानूस राबस. सूर्य ठेव. त्याले कोन मोजाले जास?"

झालं, ठरलं. आमची अक्का सातवीपर्यंत शिकलेली, पण जगात कुणी निवडलं नसेल ते एकक तिनं निवडलं. दवाखान्याच्या काट्यावर ती डोळे मिटून उभी राहायची. लाल आकडे थरथरायचे, मग स्थिर व्हायचे. सिस्टर तो आकडा माझ्याकडे बघून नुसता ओठांनी सांगायच्या, मी मनातल्या मनात भागाकार करायची आणि मोठ्यानं म्हणायची, "शून्य पूर्णांक, अठ्ठावीस शून्यं, मग तेवीस आणि पाच." अक्का डोळे उघडायची. "शून्य कमी तं नयी व्हयनात?" मी म्हणायची, "नाही गं. सगळी जागच्या जागी." आणि ती चप्पल घालायची. रांगेतल्या बायका आमच्याकडे बघायच्या. त्यातली एक मला म्हणाली होती, "तुमच्या पेशंटचं वजन लई मोठं दिसतं, इतके आकडे?" मी म्हटलं, "हो ना, घराणंच मोठं आहे आमचं."

हसायचे दिवस होते ते. मी खोटं नाही बोलत. माणसाला वाटतं, आजारपणाच्या घरात सारखं रडणं असतं. रडायला वेळ कुठं असतो? मिक्सर लावा, भाताची पेज गाळा, गोळ्या मोजा, उलटीचं भांडं धुवा, परत मिक्सर लावा. आणि भेटायला येणारे! देवा रे देवा. दारातून आत पाऊल पडायच्या आधी, "अगंबाई, कित्ती वाळलीस!" मला त्यांच्या पायांवर उकळतं पाणी ओतावंसं वाटायचं. शेजारच्या काकू रोज तेच ऐकवायच्या, "दुखणं घोड्याच्या पावलानं येतं आणि मुंगीच्या पावलानं जातं." एकदा अक्काच म्हणाली, "काकू, मुंगीले जरा शोधा ना, मना घरना पत्ता सांगा तिले."

आमच्या भाषेत नाजूक तब्येतीला तोळामासा म्हणतात. म्हणणाऱ्यानं कधी कुणाला तोळ्या-माशानं मोजलं नसणार, पण मी मोजत होते. किलोच्या पुढचे दशांशसुद्धा मला प्यारे झाले होते. सव्वादोनशे ग्रॅम वाढले तर मला वर्गात उत्साह यायचा आणि मी पोरांना जादा गणितं सोडवायला द्यायची. सहाशे ग्रॅम गेले की त्याच पोरांवर खेकसायची. त्यांना बिचाऱ्यांना काय ठाऊक, की मॅडमचा मूड दवाखान्यातल्या काट्यावर ठरतो.

थंडी वाढली तसे दाजी वांगी घेऊन आले. आमच्याकडची ती पांढुरकी, हिरव्या झाकेची, हातात न मावणारी वांगी. त्यांना कुणीतरी सांगितलं होतं की तोंडाला चव नसेल तर भरीत उतरतं. गच्चीवर विटा मांडल्या, शेतातून आणलेल्या कपाशीच्या काड्या पेटवल्या, आणि हा सहा फुटी माणूस गुडघे मोडून जाळापुढं बसला. अक्काला खुर्ची टाकून शाल गुंडाळून बसवलं होतं. वांग्याची साल तडतडली, रस सुटला, धूर डोळ्यांत गेला. दाजींनी लसूण-मिरची ठेचली, वर कांद्याची पात, शेंगदाणे, कच्चं तेल. ताटात घेऊन बायकोपुढं धरलं. "खाय. बठ्ठं, सगळं खाय. तुनासाठेच शे."

अक्कानं बोटानं एवढंसं घेतलं, जिभेवर ठेवलं आणि किती वेळ ते तसंच ठेवून बसली. गिळता येईना. शेवटी पदरात काढलं. दाजी जाळाकडे वळले आणि उगाच काड्या सारत बसले. "धूर भलता व्हयना आज," म्हणाले. त्या भरिताचं पुढं आम्ही काय केलं? खाल्लं. मी आणि दाजींनी ते सगळं संपवलं, कारण ती समोर बसून म्हणत होती, "खा ना व, टाकू नका."

मी वर्गात सांगते, वस्तुमान नष्ट होत नाही. मेणबत्ती जळाली तरी तिचं वस्तुमान कुठंतरी असतंच, धुरात असतं, हवेत असतं. त्या महिन्यांत मी स्वतःला विचारत राहायची, मग माझी बहीण कुठं चाललीय? अकरा-बारा किलो अक्का कुठं गेली? पुस्तकात उत्तर आहे. माणूस झिजतो तेव्हा बहुतेक सगळा श्वासातून बाहेर पडतो. ती माझ्या खोलीत झोपली होती, श्वास सोडत होती, आणि खिडकी उघडी होती. मी उठून खिडकी लावून घेतली. भौतिकशास्त्राची बाई मी, आणि बहीण उडून जाईल म्हणून खिडकी लावते! कुणाला सांगायची सोय नव्हती.

मार्गशीर्षातल्या एका मंगळवारी मात्र काट्यानं कमाल केली. आधीच्या आठवड्यात ती चव्वेचाळीस होती. त्या दिवशी लाल आकडे थरथरले आणि पंचेचाळीस पूर्णांक सहावर थांबले. सिस्टर ओठांनी सांगायच्या ऐवजी मोठ्यानंच बोलून गेल्या. दाजी त्या दिवशी शेतावर न जाता आमच्याबरोबर आले होते. त्यांनी तो आकडा ऐकला. आधी विश्वास बसेना, मग म्हणाले, "दीड किलो? वाढनं?" आणि हसले. तोंड भरून, दात दिसतील असे. पोळ्यापासून मी त्यांचे दात पाहिले नव्हते. "थांबा, आलोच," म्हणून जिना उतरून गेले.

सिस्टर अक्काला काट्यावरून उतरवायला पुढं झाल्या, तिच्या कमरेला हात घातला आणि तिथंच थांबल्या. "काकू, हे काय आहे?"

पदराची ओटी होती. आदल्या दिवशी गावाकडच्या दोघी बायका भेटायला आल्या होत्या. आजारी सवाशिणीची ओटी भरून गेल्या होत्या, नारळ, मूठमूठ गहू, हळकुंड, सुपारी. आमच्यात ओटी मिळाली की ती लगेच कुठं ठेवून द्यायची नसते, देवापुढं जाईपर्यंत पदरात बाळगतात. पण अक्कानं ती रात्रभर जपून सकाळी परत कमरेला बांधली होती, वर माझ्या देव्हाऱ्यातला आणखी एक नारळ घालून, आणि सगळ्यावर शाल. दोन नारळ आणि गहू. पावणेदोन किलो.

मला राग आला. "अक्का, तुला कळतं का काही? औषध वजनावर मोजून देतात. जास्त वजन दाखवलंस तर औषध जास्त जाईल अंगात! कुणाला फसवतेस तू? डॉक्टरला? यमाला?" सिस्टर म्हणाल्या, "मॅडम, हळू. औषध अजून बनवलेलं नाही. परत घेऊ वजन, काही बिघडलं नाही." अक्कानं ओटी सोडली, नारळ बाकावर ठेवले, आणि परत डोळे मिटून काट्यावर चढली. त्रेचाळीस पूर्णांक आठ.

"कोनाले फसाडाले नयी व," ती हळूच म्हणाली. "तुना दाजी हासनात ना, नलू. तू देखं ना? कितला दिनमा हासनात."

तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली. दाजी परत आले, हातात पेढ्यांचा पुडा. काट्यावरच्या सिस्टरला पेढा, रक्त घेणाऱ्या पोरीला पेढा, रांगेतल्या अनोळखी बायांना पेढा. "मन्ही घरवाली वाढनी," सांगत सुटले. बाजारात कापसाच्या ढिगात हात घातला की ओल कळणारा माणूस हा, पाणी मारून वजन वाढवलेला माल याला नुसत्या वासानं ओळखू यायचा. त्याला बाकावरचे दोन नारळ दिसले नाहीत. का दिसूनही त्यानं कानाडोळा केला, ते मला आजही सांगता येणार नाही. सिस्टरनी पेढा तोंडात घातला आणि म्हणाल्या, "अभिनंदन भाऊ." मीही खाल्ला. अक्कानंही कोपरा मोडून खाल्ला, आणि तो तेवढा मात्र तिच्या पोटात राहिला.

परत येताना रिक्षात दाजी मला म्हणाले, "मास्तरीनबाई, आज कितलं व्हयनं तुमना सूर्यमा?" मी ओटीसकटचा हिशोब सांगितला. अठ्ठावीस शून्यं, मग बावीस आणि आठ. अक्का बाहेर बघत होती. तिनं माझा हात दाबला, एवढंच.

त्यानंतरच्या मंगळवारी तिनं मला पकडलं. मी नेहमीसारखी म्हटलं, "अठ्ठावीस शून्यं, मग एकवीस आणि चार." ती चप्पल न घालताच उभी राहिली. "म्हनजे दोन पूर्नांक काहीतरी. पयले तेवीस व्हतं, मंग बावीस, आते एकवीस. शून्यं तं तितलीच ऱ्हातस. पन त्या पुढला दोन शे ना, तो गया म्हनजे?"

मी तिची चप्पल पायाशी सरकवली.

"दोन गया म्हनजे चाळीस गया. नयी का व?"

चाळिसाला दोनावर तीस शून्यांनी भागलं की बरोबर दोन येतात. डॉक्टरांची रेघ आणि सूर्याची रेघ एकाच जागी पडली होती, आणि मला, रोज पोरांना दशांश शिकवणारीला, हे आधी सुचलं नव्हतं. किलोत निदान एकोणचाळीस, अडतीस असं हळूहळू उतरता आलं असतं. मी तिला आगीतून काढून फुफाट्यात टाकलं होतं. म्हटलं, "अक्का, नको करूया आता हे सूर्याचं. बंद करू." तर म्हणते कशी, "का बरं? तितलं दूर व्हतं म्हनीसन बरं वाटे. राहू दे." आणि पुढं दर मंगळवारी डोळे मिटून ती शून्यांचं विचारायची नाही. फक्त विचारायची, "दोन शे ना आजून?" मी सांगायची, "आहे."

लोक मला म्हणतात, तुम्ही विज्ञानाची माणसं, तुम्हाला कारणं कळतात, म्हणून तुम्ही खंबीर. डोंबलाचं खंबीर! कारण कळून काय उजेड पडतो? रोग का होतो ते मला कळत होतं, औषध काय करतं ते कळत होतं, वजन का उतरतं तेही कळत होतं. त्या सगळ्या कळण्याला एक ग्रॅमही वजन वाढवता आलं नाही. दाजींचे काढे, माझे मिक्सरमधले रस, गावातल्या बायांचे नवस, तरुण डॉक्टरांची कडक औषधं, यांतलं काहीही त्या लाल आकड्यांपर्यंत पोचलं नाही. आम्ही चौघं-पाच जण काठावर उभे राहून हाका मारत होतो, बस.

संक्रांतीला तिनं मला तीळगूळ दिला आणि म्हणाली, "गोड बोल, वरडू नको मन्हावर." मी म्हटलं, "नाही ओरडणार." त्या दिवशी ती एक्केचाळीस होती. पुढच्या मंगळवारी चाळीस पूर्णांक तीन. दोन पूर्णांक शून्य एक. मी 'आहे' म्हटलं. खोटं नव्हतं ते.

त्यानंतरच्या आठवड्यात तिला ताप आला, आणि ती पायांवर उभी राहीनाशी झाली. दोघांनी धरलं तरी पाय वाकत. पाणी पिताना मान धरावी लागे. मी दाजींना म्हटलं, "या मंगळवारी नको नेऊया." दाजी म्हणाले, "डाक्टरले दिसू द्या. डाक्टर नयी म्हनतील तं नयी." त्यांच्या आवाजात अजून थोडी आशा होती, आणि तीच मला बघवत नव्हती. त्यांनी दाढी केली होती. धुतलेला पांढरा सदरा घातला होता. पेढे घ्यायला गेले तेव्हाही असाच घातला होता.

दवाखान्यात नेहमीसारखी रांग होती. आमचा नंबर आला तेव्हा सिस्टरनी अक्काला चाकाच्या खुर्चीतून उठवायला बघितलं, आणि सोडून दिलं. "उभं राहवणार नाही त्यांना," त्या म्हणाल्या. "भाऊ, तुम्ही असं करा. त्यांना उचलून घ्या आणि तुम्ही काट्यावर उभे राहा. दोघांचं मिळून घेऊ. मग त्यांना खाली बसवून तुमचं एकट्याचं घेऊ, आणि वजा करू. लहान लेकराचं करतो तसं."

दाजींनी तिला उचललं. घडाला घालतात तसा एक हात खाली, एक पाठीशी. त्यासाठी त्यांना श्वाससुद्धा घ्यावा लागला नाही, आणि ते मी पाहिलं, त्यांनीही पाहिलं असणार. अक्काचं डोकं त्यांच्या खांद्यावर पडलं. पायातली एक चांदीची पट्टी सुटली होती, ती मी उचलून घेतली. ते काट्यावर चढले. लाल आकडे थरथरले आणि एकशे चारवर थांबले.

"कितलं भरनं व?" अक्कानं विचारलं. डोळे मिटलेलेच होते.

मी एकशे चारला सूर्यानं भागलं. "अठ्ठावीस शून्यं," मी म्हटलं, "आणि मग पाच, अक्का. पाच पूर्णांक दोन."

"पाच?" तिनं एक डोळा उघडून माझ्याकडे बघितलं. मग तो तिच्या नवऱ्याच्या सदऱ्यावर गेला, त्याच्या मानेवर गेला, आणि तिला समजलं. ती किंचित हसली आणि डोळा परत मिटला.

सिस्टरनी आकडा मनात धरला होता. त्या खुर्ची पुढं सरकवून उभ्या होत्या. "झालं भाऊ. आता त्यांना बसवा इथं. तुमचं एकट्याचं घेऊ या."

दाजी हलले नाहीत.

"भाऊ, वजा करायला लागेल ना. डॉक्टर थांबलेत."

मागची रांग बघत होती. एका बाईनं पदर तोंडाला लावला. सिस्टरनी माझ्याकडे बघितलं, म्हणजे मी सांगावं. वजाबाकी करून काय उरणार आहे ते आम्हाला सगळ्यांनाच ठाऊक होतं, सिस्टरना, मला, आणि त्या काट्यावर उभ्या असलेल्या माणसाला तर सगळ्यांत आधी.

"राहू द्या, सिस्टर," दाजी म्हणाले. "एकल्याचं नको."

आणि तिला घेऊन ते तिथंच उभे राहिले.